सुई न लागलेला बोकड

पहिली बकरी गाभडली तेव्हा सुगंधाने बिल्डरला शिव्या घातल्या. त्याने मिठागराच्या बांधावर काटेरी तार ओढली होती, तीवरून उडी मारताना पोटाला मार बसला असणार, असं तिने ठरवून टाकलं. दुसरी गाभडली तेव्हा शिव्या बिल्डिंगीतल्या बायकांकडे वळल्या. दुपारभर गॅलरीत उभ्या राहून दुसऱ्याच्या गोठ्यात डोळे घालणाऱ्या बायका, नजर लागणार नाही तर काय होणार? तिसरी गाभडली तेव्हा मात्र शिव्या द्यायला कुणी उरलं नाही. ती गोठ्याच्या दारात बसली आणि मेलेलं करडू फाटक्या गोणपाटात गुंडाळत नुसती रडली.

नवघरात त्या काळी गावठाणाच्या तिन्ही अंगांना बिल्डिंगी उठल्या होत्या. चौथ्या अंगाला तेवढं मिठागर, त्याच्या पलीकडे तिवरांची झाडी आणि मग खाडी. सुगंधाचा नवरा महिपत जन्मभर मिठागरावर राबलेला. मिठाने तळपाय चिरून गेलेले, कंबर धरलेली, वर वर्षभर येऊन-जाऊन असणारा ताप. सगळे त्याला मिठाचा ताप म्हणत आणि सोडून देत. मुलगा बबन स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होता. संध्याकाळी घरी यायचा तो नाकातोंडात काळी पूड घेऊन. घर काही बकऱ्यांवर चालत नव्हतं, पण बकऱ्यांशिवाय अडत होतं. बिल्डिंगीतल्या तान्ह्या पोरांना सुगंधाच्या बकरीचं दूध जायचं आणि सणासुदीला एखादं करडू विकलं की घरात कापडचोपड यायचं. गोठा तिचा होता. त्या गोठ्यात ती कुणाचं ऐकून घेत नसे, महिपतचंसुद्धा.

आणि नेमक्या त्याच महिन्यात सुनेला, हंसाला, दिवस गेले.

लग्नाला चार वर्षं झाली होती. एकदा राहिलं होतं, ते तिसऱ्या महिन्यात गेलं. त्यानंतर गल्लीतल्या बायका हंसाकडे बघून हळू आवाजात बोलायच्या आणि सुगंधा दिसली की मोठ्याने विषय बदलायच्या. त्यामुळे हंसाने कानात सांगितल्याबरोबर सुगंधा कुणाशी एक शब्द न बोलता गावदेवीला गेली. पदर पसरला आणि बोलून आली, की पोर पदरात पडलं की माझा काला बोकड तुझा.

गोठ्यात बोकड एकच होता. काळाभोर, छातीने रुंद, कपाळावर पांढरा ठिपका. देवीला बोललेल्या जनावराचे नियम गावात पोरासोरांना ठाऊक होते. त्याला विकायचं नाही, मारायचं नाही, त्याचा कान कापायचा नाही. देवीच्या आधी त्याच्या अंगातून रक्ताचा थेंब निघाला की तो उष्टा झाला. त्या दिवसापासून सुगंधा सकाळी त्याच्या कपाळाला हळदकुंकू लावायला लागली. बोकडाला त्याचं काही नव्हतं. तो पूर्वीसारखाच दात काढून बकऱ्यांच्या मागे हिंडायचा.

तीन बकऱ्या गाभडल्याचं बबनने केबिन रोडवर डॉक्टर गुणवंत खिल्लारेंच्या कानावर घातलं. खिल्लारे सरकारी जनावरांचे डॉक्टर. मूळचे मराठवाड्याचे, बदली होऊन भाईंदरात आलेले, राहायला तिथेच पानवाल्याच्या वरच्या मजल्यावर.

"रक्त तपासावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "सगळ्या जनावरांचं. हा रोग माणसालाही लागतो. घरात कुणी गरोदर आहे का?"

बबनने हो म्हटलं. घरी येऊन त्याने आईला सांगितलं, "बुधवारी दाक्तर येतान. मी कामावर असेन. सगली जनावरं दावनीला बांधून ठेव, एक पन सोडू नको."

सुगंधाने मान डोलावली. पण तिचं मन सुईवर अडकलं होतं.

बुधवारी सकाळी तिने हंसाला मागच्या खोलीत बोलावलं. बोकडाला तिने आधीच आत घेतलं होतं. लाकूडफाटा आणि गोवऱ्या ठेवायची खोली ती, खिडकी नाही. बोकडाच्या उग्र वासाने आत श्वास घेववत नव्हता.

"तू हितं बस. दाक्तर जाय परयंत त्याचं तोंड धरून ठेव."

हंसा दारातच थांबली. "आय, बबन बोलले ना सगली दाखवाची म्हनून."

"बबन्याला काय कलतं? सुई लागली म्हंजे उष्टा झाला. देवीला उष्टं देव मी?"

"मंग दाक्तरला सांगूया ना, देवीचा हाय म्हनून. सोडून देल तो."

"दाक्तरच्या लोकांन देवी मानत न्हाईत गो. त्याला काय वाटनार हाय? हसंल आनि सुई मारंल." सुगंधाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुझ्यासाठीच करतंय ना मी. माझ्यासाठी करतंय का?"

हंसा गोवऱ्यांच्या ढिगाला टेकून खाली बसली, बोकडाची मान मांडीत घेतली आणि दोन्ही हातांनी त्याचं थोबाड मिटून धरलं. सुगंधाने बाहेरून कडी घातली.

डॉक्टर एकटेच आले. मदतनीस आजारी होता म्हणून पिशवी स्वतःच उचलून आणली होती. अंगणात बसून त्यांनी एकेक बकरी पुढे घेतली, गळ्याला दोरी आवळली, केस कापून बोटाने शीर चाचपली आणि सुई घातली. काचेच्या नळीत गडद रक्त चढताना सुगंधा तोंड फिरवून घेत होती. बकऱ्या ओरडत होत्या, त्यामुळे मागच्या खोलीतली धडपड कुणाला ऐकू गेली नाही.

मध्येच डॉक्टरांनी मान वर केली. "मावशी, बोकडाचा वास येतोय."

"शेजारच्यांचा हाय."

"तुमचा नाही?"

"न्हाय. बकऱ्या माजावर आल्या की दुसरीकडं नेतो."

"कुठे?"

"गोडदेवला," सुगंधा म्हणाली. इतक्या सहज म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं.

डॉक्टरांनी मान हलवली. "त्यांनाही सांगा तपासायला. हा रोग बोकड फिरवतो. दूध उकळल्याशिवाय कुणी पिऊ नका. आणि बकरी गाभडली तर वार उघड्या हाताने काढायची नाही. सूनबाईला तर गोठ्याकडे फिरकूच देऊ नका."

ते गेल्यावर तिने कडी काढली. हंसा घामाने भिजली होती. मनगटांवर ओरखडे उठले होते, पदराला बोकडाची लाळ लागली होती. बाहेर येऊन ती मोरीत ओकली आणि मग बराच वेळ मोरीतच बसून राहिली.

आठवडाभराने निकाल आला. गाभडलेल्या तिन्ही बकऱ्या रोगी निघाल्या, बाकीच्या साफ. रोगी जनावरं विकू नका, दुसऱ्याच्या गोठ्यात रोग जाईल, मारून पुरा, असं डॉक्टरांनी बबनला बजावून सांगितलं. खाटकाला देऊन टाकू, असं सुगंधा म्हणून पाहत होती, पण बबनने ऐकलं नाही. "हंसाच्या पोटात पोर हाय. आता कसलाच चान्स नको." महिपतने दुखरी कंबर धरून बांधापलीकडे खड्डा खणला. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. बकऱ्यांवर चुना पडला आणि चुन्यावर मीठ पडलं. मीठ तेवढं तिथे फुकट होतं. सुगंधाने त्या तिघींना स्वतःच्या हाताने कोंडा चारून वाढवलं होतं. ती खड्ड्याकडे गेली नाही. घरात बसून राहिली आणि मनाशी म्हणत राहिली, की गेलं ते गेलं, देवीचं तेवढं राखलं.

पुढचे दिवस बरे गेले. घरात मोकळं वाटायला लागलं. रक्त तपासलंय, साफ आहे, असं बबन ज्याला त्याला सांगायचा. बिल्डिंगीतली तुटलेली गिऱ्हाइकं परत आली. हंसाचं पोट दिसायला लागलं. सकाळी धारेचं कोमट दूध ती पूर्वीसारखं तसंच प्यायला लागली. सुगंधाच पेला भरून द्यायची. साफ बकरीचं दूध, त्याला उकळायचं कशाला? बोकड गोठ्यात मोकळा होता. गोरी नावाची पांढरी बकरी त्याच्यापासून गाभण राहिली, तेव्हा सुगंधाला वाटलं, फिरलं आपलं नशीब.

हंसाला सहावा चालू होता. एका सकाळी सुगंधा दुधाचा कॅन घेऊन बिल्डिंगीत गेली होती. परत येते तर हंसा मोरीत कोपरापर्यंत हात धुत बसलेली. पाणी लाल होतं.

"काय झालं गं?"

"गोरी येदनेत होती, आय. करडू मेलेलंच पडलं. वार अडकलेली, ती वढून काढली." हंसाने कपाळावरचे केस दंडाने मागे सारले. "तुमी नव्हतांव. वरडत होती बिचारी. साफ हाय ना ती? बबन बोलले साफ हाय."

गोठ्यात गोरी भिंतीला अंग टेकून थरथरत उभी होती. खाली पेंढ्यावर करडू पडलं होतं, अंगावर केस न आलेलं. पलीकडे बोकड गव्हाण हुंगत उभा होता, कपाळावर सकाळचं कुंकू.

त्या क्षणी डॉक्टरला बोलवायला हवं होतं. हे सुगंधाला कळत नव्हतं असं नाही. पण डॉक्टर आला की बोकड दिसणार, बोकड दिसला की खोटं बाहेर पडणार आणि बबन कसा बघेल आपल्याकडे! त्यापेक्षा वाट बघू. एखादी बकरी अशीही गाभडते. तिने करडू उचललं, बांधाकडे नेऊन पुरलं आणि हंसाला सांगितलं, "बबन्याला बोलू नको. उगाच डोस्क्याला ताप करून घेल."

हंसा सासूचं ऐकणारी होती. ती बोलली नाही.

तीन-चार आठवड्यांनी हंसाला ताप यायला लागला. दिवसभर बरी असायची, तिन्हीसांजेला हुडहुडी भरायची. मग घाम इतका सुटायचा की चोळी पिळून घ्यावी लागे. गुडघे धरले, कंबर धरली. उठताना ती महिपतसारखीच भिंतीला हात लावून उठायला लागली, आणि दोघं एकाच वेळी उठू लागली की महिपत कसनुसा हसायचा. नाक्यावरच्या डॉक्टरने मलेरियाच्या गोळ्या दिल्या. सुगंधा रोज देवीला नारळ कबूल करत होती. हंसाच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत होती. एवढंच ती करत होती, आणि जे करायला हवं होतं ते करत नव्हती.

सातव्या महिन्यात, भर दुपारी, हंसाचं पोट दुखायला लागलं. बबनला कारखान्यातून बोलावून आणलं. रिक्षाने दवाखान्यात नेईपर्यंत रिक्षातच पाणी गेलं. मुलगा होता. सगळे अवयव नीट, नखंसुद्धा आलेली, फक्त रडला नाही. नर्सने कपड्यात गुंडाळून बबनच्या हातात दिला. बबनच्या नखांत पॉलिशचा काळा मळ होता. त्या हातांनी त्याने पोराचं डोकं सावरून धरलं, जणू मान मोडेल अशी भीती होती. सुगंधाला ते बघवेना. ती दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसली आणि आपल्याच तोंडावर मारून घेतलं.

हंसाचा ताप उतरला नाही. डॉक्टर खिल्लारेंना कळलं तेव्हा त्यांनी चिठ्ठी देऊन तिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे तिचं रक्त तपासलं. बकऱ्यांचाच रोग निघाला. घरातल्या सगळ्यांचं रक्त द्या, असं तिथे सांगितलं, आणि सगळ्यांनी दिलं. बबन तिथून आला तो तडक खिल्लारेंच्या दारात गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर अंगणात आले. बबन कामावर गेला नव्हता. हंसा ओटीवर खाटेवर पडून होती, अंगावर गोधडी. महिपत उंबऱ्यात बसला होता. सुगंधा भिंतीला पाठ लावून उभी होती.

"तुम्ही बोललात साफ हाय," बबनचा आवाज चढला होता. "तुमच्या टेस्टवर भरवसा ठेवला मी. तीन बकऱ्या गाडल्या, साहेब. काय उपयोग झाला? माझा पोरगा गेला."

"टेस्ट चुकली नसावी, बबन."

"मंग माझा पोरगा कशानं गेला? आता माझ्या डोल्यांसमोर करा. कागद नको मना."

डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. रात्रभर तेही आपलं काय चुकलं हेच शोधत बसले असावेत. त्यांनी पिशवी उघडली आणि एकेक आठवत विचारलं, नवीन जनावर आणलं होतं का, बाहेर चरायला कुठे नेता, गोडदेवचा तो बोकड तपासला का.

"कुठला गोडदेवचा?" बबन म्हणाला.

आणि तेवढ्यात तो आलाच. देवीच्या बोकडाला दावं नसतं. तो बोळातून चालत आला आणि सरळ डॉक्टरांच्या पिशवीत तोंड घातलं. कपाळावर हळदकुंकू. मागून बघितलं तर एक वृषण सुजून लोंबत होतं. घरातली सगळी माणसं रोज त्याच्याकडे बघत होती, पण नमस्कार करायला. असं कुणी बघितलंच नव्हतं.

"हा कुणाचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमचाच. देवीचा हाय."

"मी आलो तेव्हा होता?"

"होता म्हंजे? हितंच जलमलाय तो."

डॉक्टर हळूहळू उभे राहिले. "मला सांगितलं, आमच्याकडे बोकड नाही."

बबनने आधी आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. आत्ता बोलावं, आत्ता, असं सुगंधाचं मन ओरडत होतं आणि तोंड उघडत नव्हतं.

खाटेवरून हंसा म्हणाली, "मी धरून बसलेली त्याला. मागच्या खोलीत. तोंड दाबून."

तिने सासूचं नाव घेतलं नाही. ती सुगंधाकडे बघतसुद्धा नव्हती.

बबन ओटीवर चढला. डॉक्टर "बबन, बबन" म्हणेपर्यंत त्याचा हात उठला आणि हंसाच्या गालावर बसला. कित्येक आठवड्यांच्या तापाने वाळलेला तो गाल. तिचं डोकं खाटेच्या खुरावर आदळलं.

"तिला नको मारू!" सुगंधा तेव्हा बोलली. "मी कोंडली तिला. ती नको बोलत होती. देवीचा बोकड उष्टा होल म्हनून मी कोंडली. मीच बोलले दाक्तरला."

तिला बोलायला एका थपडेचा उशीर झाला होता. बबनने पुन्हा उचललेला हात तसाच हवेत राहिला. मग तो ओटीवरून उतरून बोळात निघून गेला, आणि बोळातून त्याचं रडणं ऐकू आलं.

डॉक्टरांनी बोकडाचं रक्त काढलं. शिंगं कुणी धरायची? शेवटी सुगंधानेच धरली. सुई गेली, आणि तिला हसू का रडू कळेना, एवढीशी सुई. नळी सावलीत तिरकी टेकून ठेवली. रक्त गोठलं, वर पिवळसर पाणी तरंगलं. तोवर बबन परत येऊन उंबऱ्यात बापाशेजारी बसला होता. डॉक्टरांनी पिशवीतल्या लहानशा पांढऱ्या फरशीवर त्या पाण्याचा एक थेंब टाकला, शेजारी बाटलीतला गुलाबी थेंब, काडीने ढवळलं आणि फरशी हातात घेऊन हलवत राहिले. बघता बघता गुलाबी थेंब फुटला, नासलेल्या दुधासारखा. बारीक बारीक कण.

"हा बघ. असे कण झाले म्हणजे रोग आहे," ते बबनला म्हणाले. आवाजात जिंकल्याचा मागमूस नव्हता.

सुगंधा पुढे झाली. "मी तुमाला सांगितलं असतं, देवीचा हाय, सुई नको, तर तुमी काय केलं असतं?"

डॉक्टरांनी फरशी पुसली. ते सांगावं की नाही, असं क्षणभर त्यांना वाटलं असावं.

"नसती टोचली, मावशी. वेगळा बांधा म्हटलं असतं. बकऱ्यांपासून लांब ठेवा, देवीला नेईपर्यंत. एवढंच म्हटलं असतं."

बोकड त्याच दुपारी गेला. देवीला नाही, बांधापलीकडे. गोरीही गेली. या खेपेला खड्डा बबनने एकट्याने खणला.

घरच्यांच्या रक्ताचा निकाल आला. महिपतचा तो मिठाचा ताप मिठाचा नव्हताच, त्याच्याही रक्तात तेच होतं, आणि बहुधा कधीपासून. बबनचं साफ होतं. सुगंधाचं साफ होतं. जन्मभर त्या गोठ्यात हात घातलेली बाई ती, तिलाच काही झालं नव्हतं. दवाखान्यातल्या बाईने "तुम्ही नशीबवान आहात, आजी" म्हटलं तेव्हा सुगंधाला वाटलं, हिच्या तोंडावर थुंकावं. आपल्या अंगात तरी निघायला हवं होतं. निदान तेवढी तरी शिक्षा.

हंसाला न्यायला घोडबंदरहून तिचा बाप आला. बबन तिला थांबवू शकला नाही, थांब म्हणायला त्याला तोंड नव्हतं. गोळ्या कितीतरी आठवडे घ्यायच्या होत्या. नंतर पुन्हा दिवस राहायला हरकत नाही, असं मुंबईच्या डॉक्टरने सांगितलं होतं. तिने गोळ्यांची पुडी कमरेला खोचली, लुगडं सारखं केलं आणि वाकून सासूच्या पाया पडली. सुगंधाने तिला उठवलं. काय बोलावं हे तिने चार दिवस जुळवून ठेवलं होतं, पण ऐन वेळी तोंडात आलं ते सवयीचंच.

"बरी हो गं माझे बाय. परत येशील. मी देवीला बोल—"

"आय," हंसा म्हणाली. आवाज चढवला नव्हता, राग नव्हता, नुसती थकली होती. "माझ्या नावानं देवीला आता काय बोलू नका."

बाप बोचकं उचलून पुढे निघाला होता. हंसा भिंतीला हात लावत लावत बोळातून त्याच्या मागे गेली. सुगंधा दारात उभी होती आणि तिचे हात, देवीपुढे जोडावेत तसे, छातीशी आलेले होते. तिने ते खाली घेतले.